तानेला वर आणायला गेला ती रात्र

हसा, हसा लेकांनो! तुम्हाला आता पिंजऱ्यात उभं राहिलं की यंत्र वर ओढून आणतं. पूर्वी आमच्या चिकुहोच्या कोळसा खाणींत माणूस दगावला की चौघं त्याला खांद्यावर घ्यायचे आणि प्रत्येक वळणावर ओरडून सांगायचे, "हे वळण आलं बरं, आपण वर चाललोय!" नाहीतर जीव वाट चुकून खालीच राहतो. वर येतं ते नुसतं अंग.

मग वाफेचं यंत्र आलं. त्या वर्षी छत कोसळून जे जे गेले ते कोळशाच्या डब्यातून थेट वर आले. इसोमात्सुची बायको ताने त्यातलीच. तो कोळसा फोडायचा, ती त्याच्यामागे भरून ओढायची. "वळणावळणाला थांबवा हो," म्हणत त्याने साहेबांपुढे जमिनीला डोकं टेकलं. साहेब म्हणाले, "यंत्र कुणासाठी थांबत नसतं."

बॉन सणाची पहिली रात्र, तेरा ऑगस्ट. खाण बंद होती. मेलेल्यांना घर सापडावं म्हणून दारोदारी जाळ पेटलेले. इसोमात्सु माझ्याकडे कंदील मागायला आला.

"कुमा, आज सगळ्यांची माणसं घरी येतील. माझीला वाट कोण दाखवणार? मीच घेऊन येतो."

"दादा, वेड लागलंय का तुला? एकटा उतरणार?"

"एकटाच तर आहे रे."

पुढचं त्यानेच मला सांगितलं. तो पार तळाला गेला. ती गेली त्या जागी उभा राहिला. "ताने, चल." मग चढायला लागला. "हे वळण आलं. वर चाललोय..." मागे पाहिलं. कुणी नाही. पुढचं वळण. "ताने..." थांबला. ऐकलं. पाणी ठिबकत होतं. मग तेही थांबलं.

काहीच नाही...

पहाटे कंदील परत द्यायला आला. "नाही आली रे," म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडला. मला फार वाईट वाटलं. खाणीचं न्हाणीघर तेव्हा माझ्याकडे होतं. त्याला हातपाय धुवायला मी ते उघडलं. सणाची सुट्टी म्हणून संध्याकाळी मीच हौद घासून गार पाणी भरलं होतं. किल्ली माझ्या कमरेला. चूल विझलेली.

हौदातलं पाणी काळं होतं.

अख्ख्या पाळीची माणसं वर येऊन अंघोळ करून गेली की होतं ना... तसं. हाक तर त्याने एकट्या तानेलाच मारली होती.

इसोमात्सु काठावर बसला. मग हळूच म्हणाला, "कुमा... यांच्यात तीही असेल ना रे?"

मी हात बुडवून पाहिला.

पाणी अजून ऊन होतं.