मन्नूबिया आणि एकोणीस मुलं

"ओहोटी तीनला आहे, म्हणजे अडीचला निघायचं," रीम म्हणाली.

"आणि खेकड्यांची बादली कोण उचलणार?" तिचा धाकटा भाऊ स्कंदर म्हणाला. "मागच्या खेपेला मी उचलली. त्याच्या मागच्या खेपेलाही मीच."

"तू लहान आहेस."

"अकरा पूर्ण झाली मला. आता तरी बढती द्या."

तेवढ्यात घुफ्रान धापा टाकत अंगणात आली. घुफ्रान त्यांची मामेबहीण. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती स्फाक्सहून बोटीने केर्केना बेटावर त्यांच्याकडे यायची.

"बादली राहू द्या," ती म्हणाली. "अम्म मोन्जी आजही युवा केंद्रात आलेत. सलग सहावा दिवस."

अम्म मोन्जी म्हणजे मोन्जीकाका, गावातले जुने कोळी, वय वर्षं एकाहत्तर. भर दुपारी सगळं गाव खिडक्या लावून झोपायचं. युवा केंद्राचे प्रमुख सी नजीब, म्हणजे नजीबसाहेब, कॉफीच्या दुकानात पत्ते कुटत असायचे. अशा वेळी हा माणूस केंद्रातल्या एकमेव चालू कॉम्प्युटरसमोर बसायचा, एका बोटाने काहीतरी टाइप करायचा आणि मुलं आत आली की पडद्यावर आपली गवती टोपी धरायचा.

"नक्की कुठेतरी लग्न जुळवतायत," स्कंदर म्हणाला.

"एकाहत्तराव्या वर्षी?"

"म्हणून तर टोपी आड धरतात."

तिघं केंद्राच्या मागच्या खिडकीखाली जाऊन बसली. अर्ध्या तासाने अम्म मोन्जी टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले आणि मुलं आत शिरली. पान उघडंच होतं. म्हाताऱ्याला ते बंद कसं करायचं हेच माहीत नव्हतं.

"अगं, हा तर तुझा ज्ञानकोश," घुफ्रान म्हणाली.

रीम दोन वर्षांपासून इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशात काम करत होती. चुका दुरुस्त करायची, निकामी लेखांवर 'काढून टाका' अशा पाट्या लावायची. कोणालाही आपलं खरं नाव कळू नये म्हणून तिने तिथे एक टोपणनाव घेतलं होतं. ते घरातही कोणाला माहीत नव्हतं.

पडद्यावर अम्म मोन्जींना आलेला एक निरोप होता. गेल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेचा. 'तुमच्या लेखाला एकही विश्वसनीय संदर्भ नाही. हा ज्ञानकोश आहे, घरच्या गप्पा मारायची जागा नाही. लेख सात दिवसांत काढला जाईल.'

खाली रीमचं टोपणनाव होतं.

"किती फटकळ आहे हा माणूस," घुफ्रान म्हणाली. "बिचारे अम्म मोन्जी रोज येऊन हेच वाचतात की काय?"

रीमने पान बंद केलं. ती संध्याकाळ तिला आठवत होती. त्या एका संध्याकाळी तिने अकरा लेखांवर पाट्या लावल्या होत्या आणि झोपताना ते अकरा मोठ्या अभिमानाने मोजले होते. त्यातला एकही तिने शेवटपर्यंत वाचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघांना घेऊन किनाऱ्यावर गेली. अम्म मोन्जी झावळ्यांचा ढीग लावून बसले होते. केर्केनाचे कोळी उथळ समुद्रात खजुराच्या झावळ्या रोवून लांबलचक कुंपणं घालतात. त्या कुंपणाच्या आडोशाने मासे सापळ्यापर्यंत येतात.

"अम्म मोन्जी," रीम म्हणाली, "ज्ञानकोशात लेख कसा लिहायचा ते मला येतं. शिकवू का?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग स्कंदरकडे. "खिडकीखाली खोकत होतास तो तूच ना?"

"धूळ फार होती," स्कंदर म्हणाला.

अम्म मोन्जी हसले. मग टोपीच्या आतल्या पट्टीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. पेन्सिलीने लिहिलेला तो लेख होता, त्यांच्या थोरल्या बहिणीवर, मन्नूबियावर. रीमने या वेळी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

१९७६च्या डिसेंबरात शाळेच्या एकोणीस मुलांना घेऊन येणारी शिडाची बोट धुक्यात गाळात रुतली. कप्तान मदत आणायला म्हणून होडीतून गेला, तो वाट चुकला. भरती यायला दोन तास होते. मन्नूबिया तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. सापळे काढताना तिला मुलांचं रडणं ऐकू आलं. तिने सगळ्यांना एक दोरी धरायला लावली आणि झावळ्यांची कुंपणं हाताने चाचपडत, समुद्रातून चालत, एकोणीसच्या एकोणीस मुलं किनाऱ्याला आणली. ज्ञानकोशातल्या गावाच्या पानावर मात्र एवढंच होतं की कप्तानाने मुलांना वाचवलं.

"तिच्यासारखी शूर बाई जगात झाली नाही, असं लिहिलंय तुम्ही," रीम म्हणाली. "हे काढावं लागेल."

"का? खोटं आहे?"

"खोटं नाही. पण ते तुमचं मत झालं. काय घडलं तेवढंच लिहायचं. आणि ती तुमची बहीण आहे हे उघड सांगायचं. आणि प्रत्येक गोष्टीला संदर्भ द्यायचा, म्हणजे दुसऱ्या कोणी छापलेलं काहीतरी."

"पोरी, मी किनाऱ्यावर उभा होतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"ते खरं आहे, अम्म मोन्जी. पण हजार मैलांवरच्या वाचकाला तुमचे डोळे तपासता येत नाहीत."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "हे बरं सांगितलंस. पहिल्या वेळी कोणी असं सांगितलं असतं तर कळलं असतं मला. तिथे एक फार शिकलेला माणूस आहे, राजधानीतला, ट्यूनिसचा असणार. त्याने लेखच उडवला. बरोबरच होतं म्हणा त्याचं. मी पत्र लिहावं तसं लिहिलं होतं."

रीमच्या ओठांवर शब्द आले होते. ते तिने गिळले आणि विचारलं, "तेव्हा पेपरात काही छापून आलं नव्हतं?"

"आलं होतं की. स्फाक्सच्या पेपरात, दोनदा. मन्नूबियाच्या पेटीत दोन्ही कात्रणं होती. फेब्रुवारीत ती गेली. मुलाने घर आवरलं, कागद जाळले. त्याला काय ठाऊक."

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. रीमने मनात मोजले. तेव्हा 'कात्रणं आहेत का?' एवढे तीन शब्द लिहिले असते, तर अम्म मोन्जी दोन गल्ल्या चालून गेले असते आणि पेटी उघडली असती.

"स्फाक्सचा पेपर ना?" घुफ्रान म्हणाली. "युवा केंद्राच्या कोठीत जुन्या पेपरांचे गठ्ठे आहेत. कुलपाच्या फटीतून दिसतात."

सी नजीब मात्र किल्ली द्यायला तयार होईनात. पत्ते हातातच धरून ते म्हणाले, "त्या कोठीत फक्त ओल आणि उंदीर आहेत. गुरुवारी गाडी येऊन सगळं नेणार. मला तिथे टेबल-टेनिस मांडायचंय. तुम्ही पोरं पसारा कराल."

रीम ओशाळून मागे फिरली. स्कंदर मात्र तिथेच उभा राहिला.

"गाडीत गठ्ठे कोण चढवणार, सी नजीब?"

"हमाल बोलवावा लागेल. नाहीतर मीच."

"तुमची कंबर दुखते ना? आम्ही गठ्ठे बाहेर काढून, झाडून देतो. फुकट. तुम्ही डाव मोडू नका."

सी नजीबांनी हातातले पत्ते पाहिले. डाव चांगला असावा. किल्ली टेबलावर आली.

दोन दिवस तिघं नाकाला रुमाल बांधून कोठीत बसली. खरोखरच उंदीर होते. घुफ्रान दोनदा टेबलावर चढली. दुसऱ्या दिवशी दुपारी डिसेंबर १९७६चा गठ्ठा सापडला. पाचव्या पानावर बातमी होती. 'कप्तानाच्या प्रसंगावधानामुळे एकोणीस विद्यार्थी बचावले. बेटावरील एका कोळणीनेही मदत केली.'

"एका कोळणीने," घुफ्रान पुन्हा वाचत म्हणाली. "नावसुद्धा नाही?"

"दुसरी बातमी असणार," रीम म्हणाली. "जानेवारीचा गठ्ठा शोध."

जानेवारीचा गठ्ठा नव्हता. जिथे असायला हवा होता तिथे धुळीत चौकोनी जागा रिकामी होती. स्कंदर धावत जाऊन सी नजीबांना विचारून आला.

"चार गठ्ठे त्यांनी मासळीवाल्या शेदलींना दिलेत. मासे बांधायला."

तिघं घराकडे पळाली, शाळेच्या भरलेल्या वह्यांचे दोन ढीग उचलले आणि बाजारात पोचली. अम्म शेदली मोठ्या सुरीने मासे साफ करत होते. तराजूच्या शेजारी पिवळ्या पेपरांची चवड होती, वरचा कागद ओला.

"अम्म शेदली, आमच्या वह्या घ्या आणि हे पेपर द्या," रीम म्हणाली. "किलोला किलो. वह्यांचा कागद जाड आहे, रक्त झिरपणार नाही."

"गणितात शून्य मिळालेलं पान वर ठेवू नका म्हणजे झालं," अम्म शेदली म्हणाले. "गिऱ्हाईक पळेल. घ्या, न्या."

मुलं तिथेच जमिनीवर बसली. अकरा जानेवारी, बारा, तेरा. चौदा तारखेच्या पानाचा खालचा अर्धा भाग फाडलेला होता. वर राहिलेल्या भागात एक छोटी बातमी होती. रीमने ती मोठ्याने वाचली.

"'कप्तानाने स्वतः आमच्या कचेरीत येऊन सांगितलं की मुलांना किनाऱ्यावर आणण्याचं श्रेय त्याचं नसून मन्नूबिया या कोळणीचं आहे. तिने एकोणीस मुलांना एक दोरी धरायला लावून तीन किलोमीटर समुद्रातून चालवत आणलं. आमच्या वार्ताहराशी बोलताना मन्नूबिया म्हणाली...'"

पुढे कागद संपला होता.

सुरीचा आवाज थांबला होता. अम्म शेदली त्यांच्याकडे बघत होते.

"काय वाचलंस ते पुन्हा वाच," ते म्हणाले. रीमने वाचलं.

"त्या दोरीवर तिसरा मी होतो," अम्म शेदली म्हणाले. "आठ वर्षांचा होतो. माझ्या पुढे हमादी, त्याच्या पुढे ती." त्यांनी फाडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे आज सकाळी फाडलं मी. कोणाला दिलं? बोई मासे घ्यायला कोण आलं होतं?"

त्यांनी दुकान तसंच टाकलं. चौघं मिळून सात घरी गेली. सातव्या घरातल्या बाईने कागद मासळीच्या खवल्यांसकट चुलीत घातला होता. मन्नूबिया वार्ताहराला काय म्हणाली होती ते आता कोणालाच कळणार नव्हतं.

परत येताना अम्म शेदली हळू चालत होते. "ती रोज माझ्याकडून सार्डिन न्यायची," ते म्हणाले. "चाळीस वर्षं. एकदाही मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू."

रीम स्कंदर आणि घुफ्रानला घरी पाठवून एकटीच किनाऱ्यावर गेली. फाटका कागद तिने अम्म मोन्जींच्या हातात दिला. त्यांनी बहिणीचं नाव वाचलं, कागदाचा वास घेतला आणि हसले.

"बोई," ते म्हणाले.

"अम्म मोन्जी, तो ट्यूनिसचा शिकलेला माणूस मी आहे," रीम म्हणाली. "लेखावर पाटी मी लावली होती. तुम्हाला तसं मीच लिहिलं होतं. मी तो लेख नीट वाचलाही नव्हता."

हातातली झावळी त्यांनी बाजूला ठेवली.

"मला वाटलं होतं, मिशा असतील," ते शेवटी म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मन्नूबिया रोज संध्याकाळी विचारायची, आलं का रे माझं नाव? काढून टाकलं हे तिला सांगायचा धीर झाला नाही मला. तपासतायत, म्हणायचो. ती म्हणायची, तपासू देत, घाई काय आहे."

रीम रडू लागली. त्यांनी तिला रडू दिलं. रागावले नाहीत, पण 'जाऊ दे, काही बिघडलं नाही' असंही म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने उठले आणि म्हणाले, "चल. केंद्र बंद व्हायच्या आत जाऊ."

टाइप अम्म मोन्जींनीच केलं, एका बोटाने. रीम शेजारी बसून सांगत होती. शूर हा शब्द त्यांनी एकदा लिहिला, तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच खोडला. लेखक मन्नूबियाचा भाऊ आहे हे चर्चेच्या पानावर नोंदवलं. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक, सगळं लिहिलं. नऊ ओळींचा लेख झाला आणि या वेळी तो टिकला. आठवड्याने ज्ञानकोशातल्या एका अनोळखी संपादकाने गावाच्या पानावरचं कप्तानाचं वाक्यही दुरुस्त केलं.

गठ्ठे न्यायला आलेली गाडी रिकामी परत गेली, कारण अम्म शेदली कोठीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. गावच्या उमद्यांनी म्हणजे प्रमुखांनी तिन्ही मुलांना बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ऑक्टोपस घातलेल्या कुसकुसचं, रव्याच्या त्या पदार्थाचं, जेवण झालं. सी नजीबांनी छोटं भाषण केलं आणि जुने पेपर जपून ठेवायची कल्पना मुळात आपलीच होती असं सांगितलं. स्कंदरला इतकं हसू आलं की त्याला बाहेर न्यावं लागलं. दोरीवरची सहा मुलं त्या दिवशी आली होती, आता सगळी पन्नाशीच्या पुढची. त्यांनी रीमच्या डोक्यावरून हात फिरवले. ती मान खाली घालून उभी राहिली. स्तुती दुसऱ्याच कोणाची तरी चालली आहे असं तिला वाटत होतं.

सगळे पांगल्यावर अम्म मोन्जी तिला कॉम्प्युटरपाशी घेऊन गेले. त्यांनी लेख पुन्हा एकदा वाचला, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत.

"वाटेत ती गाणी म्हणत होती," ते म्हणाले. "लहानग्यांनी रडू नये म्हणून. ते घालता येईल?"

रीमने मान हलवली. "कुठे छापलेलं नाही."

"आणि पाणी किती गार होतं ते? डिसेंबरातलं पाणी. चार दिवस तिच्या पायांना स्पर्श कळत नव्हता."

"त्यालाही संदर्भ नाही, अम्म मोन्जी," रीम म्हणाली.

"नसू दे," ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून उठले. "पण गार होतं."