बिननावाच्या शिखरावरचा उंचवटा

नम्रताचं काम सांगायला सोपं होतं. विमानातून लेसरने मोजलेली जमीन खराडीच्या ऑफिसात यायची, आणि त्यातून जे जमीन नाही ते सगळं ती काढून टाकायची. झाडं, गाड्या, गुरं, माणसं. उरेल त्याचा नकाशा व्हायचा.

या वर्षी तिच्या वाट्याला अमेरिकेतल्या वाळवंटातली मोठी दरी आली होती. आली कसली, तिने मागून घेतली. तिचा धाकटा भाऊ अवधूत गेल्या दिवाळीनंतर तिथेच हरवला. तो कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. आपल्या सह्याद्रीत काय, लाव्हा आला, थिजला, संपलं, असं म्हणायचा. त्या दरीत मात्र तळाला पावणेदोनशे कोटी वर्षांचा काळा खडक आणि त्यावर पोळ्यांच्या चवडीसारखे तांबडे-पिवळे थर. शिवाय शिखरांची नावं विष्णू, ब्रह्मा, शिव! दीडेकशे वर्षांपूर्वी कुणा साहेबाने ती हौसेने ठेवलेली. या देवांच्या शेजारी एक शिखर बिननावाचं राहिलं होतं. अवधूत एकटाच त्यावर चढला. शोधणाऱ्यांनी महिनाभर शोधलं आणि मग थांबवलं.

मार्चच्या मोजणीत त्याच शिखराच्या माथ्यावर एक उंचवटा निघाला. एक मीटर बहात्तर. तिथे झुडूपसुद्धा उगवत नाही. नम्रताने तो काढून टाकला. एप्रिलमध्ये तो पुन्हा जागेवर. मे, जून, जुलै... पाच वेळा आला, पाच वेळा तिने काढला. अवधूतची उंची तिला पाठ होती. खरं तर म्हणूनच काढला.

कसबा पेठेतल्या घरी आई, द्वारकाबाई, रात्र रात्र जागी असायची.

"आई, पुढच्या महिन्यात पितृपक्ष. त्याचं पान वाढायचं का?"

"जिवंत माणसाचं श्राद्ध घालतेस? अक्कल गहाण टाकलीस वाटतं." मग आवाज उतरला. "तो उभा आहे गं अजून. पाय किती दुखत असतील..."

उंचवट्याबद्दल नम्रताने घरात चकार शब्द काढला नव्हता.

अवधूतच्या तिकडच्या मित्रांना त्या शिखराला त्याचं नाव द्यायचं होतं. पण जिवंत माणसाचं नाव शिखराला देत नाहीत. मृत्यूनंतर पाच वर्षं जावी लागतात. ती वर्षं मोजायला अर्जात मृत्यूची तारीख हवी होती, आणि ती रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी लिहायची होती. वाट बघून माणूस थकतो, नम्रताला बोल लावण्यात अर्थ नाही. एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने तारीख लिहिली आणि आईला न सांगता अर्ज पाठवून दिला. हलकं वाटलं. हलकं वाटलं याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी तिकडे विमान उडालं. आठवड्याने मोजणी खराडीत आली.

"नम्रता, तुझा तो नॉइज, तो खोटा उंचवटा, बघ ना," शेजारच्या टेबलावरची सलोनी म्हणाली. "या वेळी आडवा झालाय."

नम्रताने पाहिलं. वीतभर उंच, पावणेदोन मीटर लांब. बरोबर दक्षिणोत्तर. गेलेल्या माणसाला घरात ठेवतात तसा, पाय दक्षिणेला. पण त्या माथ्यावर ठेवायला होतं कोण?

"उशाशी अजून एक आहे, छोटासा. ऐंशी सेंटिमीटर. कुणी बसलंय असं वाटतं." सलोनी हसली. "दोन्ही डिलीट करू?"

"हात लावू नकोस..."

तिने घरी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. उचलला तेव्हा पलीकडून आधी वारा ऐकू आला. उघड्या कड्यावर असतो तसा, न थांबणारा.

"आई? कुठे आहेस?"

"घरीच."

"मग हा वारा कसला गं?"



"तारीख लिहिलीस ना तू?" ती अगदी हळू म्हणाली. "मग कुणीतरी बसायला नको का त्याच्याजवळ... एकटं नाही ठेवत गं."