एकतीस मीटर

तो तिला प्रथम दिसला तो पाठमोरा — मनोऱ्याच्या शिडीवर, कमरेला पट्टा, कानाआड पेन्सिल. तिचा नेहमीचा शिडीवाला आजारी पडला, म्हणून प्रक्षेपण केंद्राने याला हंगामी घेतला होता.

तिचं काम सांगायला सोपं होतं. अँटेनाच्या तारेत खालून यंत्राने रेडिओलहर सोडायची; जिथे दोष असेल तिथून ती माघारी फिरते आणि परतीच्या वेळेवरून अंतर निघतं.

"काय म्हणते नाडी, डॉक्टरीणबाई?"

"एकोणीस मीटर. पाणी शिरलंय."

"आणि काहीच परत आलं नाही तर?"

"तर तार निर्दोष. सोडलेलं सगळं पलीकडे पोचलं."

"म्हणजे उत्तर न येणं चांगलं?" तो हसला. "माझ्या बाबतीत मात्र तसं करू नका हं..."

तिने पडद्यात डोकं घातलं. यंत्र बंद होतं.

चार महिने असेच गेले. भुरभुर पावसात एका मेणकापडाखाली दोघं आणि यंत्र, यंत्र मधोमध.

"महिनाअखेरीला कायम होतोय. मग तुम्हाला एक विचारायचंय."

"आत्ताच विचारा की."

"आत्ता तो हंगामी प्रश्न ठरेल."

मग ती चूक झाली. लहरीचा वेग तारेच्या जातीप्रमाणे बदलतो. तो यंत्राला आधी सांगावा लागतो. नव्या जातीच्या तारेला तिने जुन्याच तारेचा आकडा राहू दिला. "एकतीस!" ती खालून ओरडली. त्याने एकतिसाव्या मीटरवर धडधाकट तार कापली. दोष चाळिसाव्यावर होता. केंद्र दिवसभर मुकं राहिलं.

"एकतीस आले कुठून?" साहेबांनी दोघांना समोर उभं करून विचारलं.

तारेची जात तिच्या आवरणावर छापलेली असते. तार कापल्यावर त्याने ती वाचली होती. चूक कोणाची, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. एक सेकंद... दोन... तीन. तिचे ओठ हलले नाहीत.

"शिडीवर मोजायला मीच चुकलो, साहेब."

बाहेर येताच ती म्हणाली, "मी सांगणारच होते —"

"मॅडम, पट्टा कुठे जमा करायचा?"

चार महिन्यांत त्याने तिला मॅडम म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने लेखी कबुली दिली. साहेबांनी ती वाचली, फाईलला लावली आणि त्या जागी दुसरा माणूस घेतल्याचं सांगितलं. तीच कबुली तिने त्यालाही पाठवली. खाली एक ओळ जोडली — "तुमचा प्रश्न काय होता?"

संदेश वाचल्याची खूण उमटली. आठवडा गेला, महिना गेला. काहीच परत आलं नाही. तिने स्वतः शिकवलेल्या नियमाप्रमाणे तार निर्दोष होती. सोडलेलं सगळं पलीकडे पोचलं होतं.

एखादी शिवी जरी परत आली असती... तर निदान अंतर तरी कळलं असतं.