चांदवाडीतला फणस आणि बंद पडलेलं नाक

चांदवाडीत फणस पिकला की नाही, हे सांगू शकेल असं नाक एकच होतं आणि ते ऐन वेळी बंद पडलं.

ते नाक दहा वर्षांच्या शाल्मलीचं. चांदवाडी म्हणजे चंद्रावरची चाळीसेक माणसांची वस्ती, काचेच्या मोठ्या घुमटाखाली वसलेली. शाल्मलीच्या बाबांनी तिथल्या बागेत कुडाळहून आणलेली आठळी, म्हणजे फणसाची बी, लावली होती. तिचं झाड व्हायला आणि झाडाला पहिलावहिला फणस धरायला सात वर्षं लागली. तोही एकच! तो उतरवून कोठारात गोणपाटावर ठेवला होता. फणसाची गंमत अशी, की लवकर चिरला तर कच्चा निघतो आणि पुढे पिकत नाही. उशीर झाला तर नासतो. म्हणून रोज त्याच्या देठापाशी नाक नेऊन वास घ्यायचा, आणि तो गोड घमघमला की चिरायचा. वस्तीतली बाकीची मंडळी शहरांत वाढलेली, कोकणी बोली बोलणाऱ्या धुरीमामीसुद्धा. बाबांना लहानपणापासूनच वास कमी यायचा. कुडाळच्या अंगणात वाढलेल्या आणि दोनच वर्षांपूर्वी बाबांकडे आलेल्या शाल्मलीवर सगळी भिस्त होती. "रविवारी फणस," असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

आणि बुधवारी पृथ्वीवरून आलेल्या यानातून एक शिंकणारा पाहुणा उतरला. गुरुवारी शाल्मली शिंकायला लागली.

शुक्रवारी ती तोंडाला मुखपट्टी लावून खोलीत बसली होती. नाक चोंदलेलं, डोळे लाल. समोर तीन गोळ्या होत्या. पिवळी धुरीमामींनी दिलेली. "गो बाय, ही घे, सर्दी पळान जातली," असं म्हणून त्यांनी ती दारातूनच टाकली होती. पांढरी पागनीसकाकांची आणि गुलाबी घरातल्या डब्यातली. सर्दी म्हटली की आपल्याकडे प्रत्येक माणूस अर्धा डॉक्टर होतो. चंद्रावर गेलं म्हणून ती खोड थोडीच जाते?

"एकीने नाक उघडत नसेल तर तिघींनी उघडेल," असा हिशेब करून शाल्मलीने पाण्याचा पेला उचलला.

"थांब!" दारातून आवाज आला.

तो हुंगोबा होता. वस्तीत कुठे वायू गळतोय का, हे हुंगत फिरणारा यंत्रमानव. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण मुलांनी त्याला हुंगोबा करून टाकलं होतं. ओळखीचा नसलेला कोणताही वास आला की तो कानठळ्या बसवणारी घंटा वाजवायचा. मागे धुरीमामींनी सुकट भाजली तेव्हा त्याने सगळी वस्ती बाहेर काढली होती. त्या दिवसापासून पागनीसकाका "ती घंटा आधी बंद करा" म्हणून सगळ्यांच्या मागे लागले होते.

हुंगोबाने गोळ्यांची पाकिटं डोळ्यांसमोर धरली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "नावं तीन, रंग तीन. पण घटक (औषधात नेमकं काय मिसळलं आहे ते) बघ. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. हा तर शर्ट बदलून तीनदा आलेला एकच माणूस झाला!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिन्ही घेतल्यास तर एकच औषध तिप्पट पोटात जाईल. त्याने यकृताला (अन्नावर आणि औषधांवर प्रक्रिया करणाऱ्या पोटातल्या अवयवाला) इजा होऊ शकते. पण मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना बोलावतो."

डॉक्टर तडवीबाई आल्या. त्यांनी ताप पाहिला, कान पाहिले, छातीला नळी लावली आणि तिन्ही गोळ्या आपल्या खिशात घातल्या.

शाल्मलीला रडूच आलं. "मग नाक उघडणार कसं? फणस नासला तर? बाबांची सात वर्षं वाया जातील!"

तडवीबाई तिच्याजवळ बसल्या. "सर्दी करतो तो विषाणू. डोळ्यांना न दिसणारा कण तो, आपल्या पेशींत शिरून स्वतःच्या नकला काढतो. दुकानातून सहज मिळणारी सर्दीची कोणतीच गोळी त्याला मारत नाही. त्याच्याशी लढतं तुझं शरीर. नाकाचं अस्तर सुजतं, शेंबूड येतो, शिंका येतात, ही सगळी त्या लढाईची धावपळ. सुजेमुळे वासाचे कण नाकात वर पोचतच नाहीत, म्हणून वास येत नाही."

"मग गोळ्या असतात तरी कशाला?"

उत्तर हुंगोबाने दिलं. "समज, गळती झाली आणि माझी घंटा वाजली. घंटेत बोळा कोंबला तर गळती थांबेल?"

शाल्मलीने विचार केला. "नाही. फक्त ऐकू येणार नाही."

"बरोब्बर," तडवीबाई म्हणाल्या. "पण घंटा इतकी कर्कश असेल की झोपच लागत नाही, तर ती जरा हळू करायला हरकत नाही. ताप, डोकेदुखी, अंगदुखी फार त्रास देत असेल तर एकच औषध, तुझ्या वजनाच्या मानाने, मोठ्या माणसाने मला विचारून दिलेलं. सर्दीची मिश्र औषधं लहान मुलांना आपल्या मनाने देऊच नयेत. तुला आत्ता ताप नाही, दुखत नाही. मग गोळी कशाला? नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाल, गरम पेज पी, झोप काढ. दम लागला, कान दुखला किंवा ताप उतरेना, तर मात्र लगेच मला सांगायचं. आम्ही डॉक्टर गमतीने म्हणतो, औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही घेतलं तर आठवड्यात!"

शाल्मली हसली, पण फणसाची काळजी काही गेली नाही. शनिवारी सकाळी बाबांनी खोलीत फणसाचा तुकडाभर देठ आणून दाखवला. तिने पुन्हा पुन्हा हुंगलं. कागद हुंगावा तसं. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यामुळे तिला आणखीच वाईट वाटलं.

दुपारी ती पेज पीत असताना घंटा घणघणली.

"अनोळखी वायू! तिसरं कोठार!" हुंगोबा ओरडत होता. माणसं प्राणवायूची नळकांडी घेऊन धावत सुटली. कोठारापाशी पागनीसकाकांनी सवयीने घंटेच्या कळीकडे हात नेला. "पुन्हा ही कटकट! बंद करा!"

"काका, नको!" मुखपट्टी सावरत शाल्मली धावत आली. "आधी बघू या, ती काय सांगतेय!" मग तिने हुंगोबाला विचारलं, "वास कसा आहे?"

"गोड. जड. देठापाशी सर्वांत जास्त. विषारी नाही. पण माझ्या ओळखीचा नाही."

शाल्मलीचा चेहरा फुलला. "बाबा, हाताला खोबरेल लावा! फणस पिकला!"

बाबांनी विळी मांडली. फणस उघडला आणि आत पिवळेधमक गरे! चंद्रावर वजन सहावा हिस्सा, त्यामुळे धुरीमामींच्या हातून निसटलेला गरा सावकाश खाली आला आणि पागनीसकाकांनी तो अलगद झेलून खाल्ला. मग चीक लागलेल्या बोटांकडे पाहत ते म्हणाले, "घंटा राहू दे बरं का."

शाल्मलीला गरा नुसताच गोड लागला. वास नाही तर चव कुठली? बाबांनी तिच्या वाटणीचे गरे डब्यात घालून थंड जागी ठेवले आणि सगळ्या आठळ्या जपून गोळा केल्या.

पुढच्या बुधवारी ती उठली ती एका वासानेच. बाबा दारात डबा उघडून उभे होते. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. कुडाळचं सगळं अंगण आत आलं!

हुंगोबा बाहेरून जात होता. तो दाराशी थांबला. शाल्मलीने घाबरून कानांवर हात ठेवले. पण घंटा काही वाजली नाही.

"फणस," तो हळूच म्हणाला. "गळती नाही."

खिडकीखाली ओल्या मातीच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येक कुंडीत एक आठळी होती. पुढच्या फणसाच्या वेळी कुणाला सर्दी झाली, तरी आता चांदवाडीत नाकं दोन होती.