डावीकडचे बारा स्वर

हे खरं घडलेलं आहे. बरंचसं आत्याने सांगितलेलं, शेवटचं माझ्या डोळ्यांदेखतचं. दिवस आणि वेळा मी तिच्याकडून दोनदा विचारून घेतल्यात.

रात्र नव्हती. मंगळवार होता, दुपारचे पावणेचार.

जागा आत्याच्या घरातली मागची खोली. एक पियानो, एक टेबल, दोन स्टुलं.

काका जाऊन सात आठवडे झाले होते.

काका म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. दोघंही पियानो शिकवायची. दोघांनीही लग्न केलं नाही, आणि एकाच घरात तीस वर्षं एकाच विषयावर भांडली. ऑर्गनसाठी लिहिलेलं, तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळातलं युरोपीय संगीत पियानोवर कसं बसवायचं? ऑर्गनला पायांनी वाजवायच्याही पट्ट्या असतात. पियानोवर दोनच हात. मग पायांच्या स्वरांचं काय करायचं? काकांना सगळेच स्वर हवे असायचे. असं संगीत पियानोवर बसवणाऱ्यांपैकी त्यांचे आवडते म्हणजे भरगच्च लिहिणारे. आत्याचे आवडते, मोजकं ठेवून बाकीचं ऐकणाऱ्यावर सोडणारे.

"तुझं म्हणजे बिऱ्हाड हलवल्यासारखं, दादा. एक बशी मागे ठेवणार नाहीस."

"आणि तुझ्या घरात पाहुण्याला टेकायला जागा नाही."

जेवताना हे चालायचं. आता जेवताना काहीच चालत नव्हतं. आत्या रडली नव्हती. तिने काकांचा चष्मा पुसून डबीत ठेवला आणि डबी खणात ठेवली. एवढंच.

काकांनी पियानोसाठी बसवलेल्या अकरा रचना पुस्तक म्हणून छापायच्या होत्या. मूळ कागद पेन्सिलीने लिहिलेले. पक्की प्रत शुक्रवारी द्यायची होती. काकांच्या नावाचं ते पहिलं आणि शेवटचं पुस्तक. त्यात त्यांचं काय राहणार आणि काय जाणार, हे आत्याच्या हातात होतं.

सातव्या रचनेत ती अडली.

डाव्या हाताला दोन स्वर, आणि त्याच क्षणी त्याच हाताला आणखी दोन विती डावीकडचा तिसरा. असं बारा ठिकाणी, आणि तो तिसरा स्वर दर वेळी एकच. एवढा पंजा कोणाचाच नसतो.

तिने मला फोन केला. "तुझ्या काकांनी परत कपाट ठासून भरलंय. दार लागत नाही."

"मग?"

"मग काय. काढते."

तिने खोडरबर घेतला. बारा स्वर खोडले. चुरा फुंकला.

काही वाटलं नाही, म्हणाली.

मग वाजवून बघायला बसली.

पहिली जागा आली...

खोडलेला स्वर वाजला.

तार घुमली असेल, असं तिला वाटलं. पेडल दाबलेलं असलं की घुमते. तिने खाली पाहिलं. पाय जमिनीवर होता.

दुसरी जागा...

पुन्हा.

तिसऱ्या वेळी तिने डावीकडे पाहिलं. टोकाजवळची एक पट्टी खाली गेली होती. स्वर संपेपर्यंत खालीच राहिली. मग वर आली... कोणी बोट उचलावं तशी.

ती थांबली नाही. काहीही झालं तरी मधेच थांबायचं नाही, ही त्या घरातली शिस्त. उरलेले नऊही वाजले.

बुधवारी पियानोचे सूर लावणारा ट्यूनर आला. त्याने पियानोची पुढची फळी काढली, तासभर तपासलं.

"ताई, ठणठणीत आहे. आपोआप खाली जायला ही पट्टी चांगलीच जड आहे."

"उंदीर?"

"उंदीर एवढा तालात नसतो."

निघताना त्याने डावीकडच्या स्टुलाला हात घातला. "हे कोपऱ्यात सारू? वाटेत येतंय."

आत्या त्या स्टुलाकडे बघत राहिली.

ती सात वर्षांची होती तेव्हा तिचा हात पुरायचा नाही. दादा त्या स्टुलावर बसायचा आणि तिला न पोचणारा स्वर एका बोटाने वाजवायचा. तेवढाच.

सातवी रचना दोन हातांसाठी नव्हतीच. दादाने त्यात आपलं एक बोट गृहीत धरलं होतं. हौसेची भर समजून तिने ते खोडलं होतं.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली.

गुरुवारी तिने बाराही स्वर शाईने परत लिहिले. खाली टीप दिली, 'हे स्वर शेजारी बसलेल्याने वाजवावेत.' शुक्रवारी प्रत गेली. स्टूल होतं तसंच ठेवून ती पुन्हा वाजवायला बसली.

पहिली जागा...

काही नाही.

बाराही जागा रिकाम्या गेल्या. दुसऱ्या दिवशीही. मग तीन आठवडे, रोज पावणेचारला.

हे सगळं तिने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. आवाज सपाट.

"लिहून दिलं आणि दादा गेला," म्हणाली. "तू बस एकदा डावीकडे."

"आत्या, मला कुठे येतं?"

"एक बोट येतं ना? मी मान हलवली की दाबायचं."

तिने पट्टीवर कागदाचा तुकडा चिकटवला. मी स्टुलावर बसलो. तिने सुरुवात केली. पहिली जागा आली, तिने मान हलवली, मी बोट खाली नेलं...

पट्टी आधीच खाली गेली होती.

माझं बोट तिला टेकलंही नव्हतं.

बारा वेळा. दर वेळी माझ्या किंचित आधी.

संपल्यावर आत्याने पियानोचं झाकण लावलं. मग तिने नाक पुसलं.

"बरं वाजवलंस. जरा घाई करतोस, पण चालेल. दादालाही तीच खोड होती."

मी नुसता हुंकार दिला.

खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ती बोलावते. मी जातो, डावीकडे बसतो, त्या कागदाच्या तुकड्यावर बोट धरतो...

टेकवत नाही.