जोड्याचा फोटो

फोटोग्राफरला नवरदेवाच्या पुढे उलटं चालावं लागतं, हे मला असोद्याच्या वेशीवर कळलं. उलटं चालताना मागे गटार असू शकतं, हेही तिथेच कळलं.

कोणीतरी झेप घेऊन कॅमेरा धरला. मला नाही. फक्त कॅमेरा.

"वाचला," तो म्हणाला. माझा एक पाय गटारात होता. "तुमचाच आहे?"

"पाय माझा. कॅमेरा दादाचा."

"मग बरोबर तोच धरला." आणि मग त्याने हात पुढे केला... इतका सावकाश, की मला तो नीट बघून घेता आला.

हा हितेंद्र. धुळ्याचा, नवरदेवाचा चुलत भाऊ. आणि मी मेघा, नवरीची, म्हणजे सोनलची, जळगावची मैत्रीण. आजवर मी फक्त केळीच्या बागांचे फोटो काढले होते. केळी हलत नाहीत, त्यामुळे मला फोटो काढता येतात असा सोनलचा गैरसमज झाला.

लग्नातली माणसं हलतात. एक सोडून. सोनलचे चुलत आजोबा, चुडामण नाना, बोलत नाहीत. जिथे कॅमेरा दिसेल तिथे, आधार कार्डाचा फोटो असावा तसे ताठ उभे राहतात. मंगळसूत्राच्या फोटोत मध्यभागी तेच आहेत.

दुपारपर्यंत हितेंद्रही सगळीकडे दिसू लागला. पंगतीत बट्टी वाढताना तो माझ्या चिखलाच्या चपलेकडे बघून हसायचा... मी लेन्स पुसायचे. दादाची लेन्स इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

मग त्याच्या आत्या, भिकुबाई अक्का, सरिता नावाच्या मुलीला घेऊन आल्या. तिला आणि हितेंद्रला केळीच्या खांबाजवळ उभं केलं आणि मला म्हणाल्या, जोड्याचा एक फोटो काढ. हितेंद्रच्या चाळीसगावच्या मामांचा पाय प्लास्टरमध्ये होता; फोटो बघून त्यांनी हो म्हटलं की लगेच याच मांडवात त्याची सुपारी फुटणार होती, म्हणजे लग्न पक्कं.

सरिता वाईट असती तर सोपं गेलं असतं. तिने विचारलं, "ताई, तुम्ही जेवलात का?" अशा मुलीचा राग करायला फार मेहनत लागते. मी केली.

"थोडं जवळ," मी म्हणाले. कामच ते. "अजून..."

तो सरकला. मी सांगितलं म्हणूनच सरकला, पण इतक्या लगेच सरकायची काय गरज होती?

"हसा."

हसला. तेही लगेच.

फोटोत मागच्या कढईतली एकेक बट्टी लख्ख दिसत होती. अक्कांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. "हाई पोर धुक्कामा काब्र उभी शे?"

दुसऱ्या फोटोत धुकं नव्हतं. कोपर सोडलं तर सरिताही नव्हती. अक्का म्हणाल्या, आधी जेवून घेऊ, मग बघू.

सरिता त्यांच्याबरोबर गेली. हितेंद्र गेला नाही.

"फोकस बसत नाही," त्याने विचारलं, "का तुम्ही बसू देत नाही?"

मी लेन्स पुसली. पुन्हा पुसली.

"बसू देत नाही," मी म्हणाले.

त्याने केळीचे रिकामे क्रेट एकावर एक रचले, वर कॅमेरा ठेवला, टायमर लावला.

"मामांना जोडा बघायचाय ना... ये लवकर."

ये म्हणाला. सकाळपासून मी 'तुम्ही' होते. मी धावले, त्याच चपलेने. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"थोडं जवळ," तो हळूच म्हणाला. "अजून..."

मी सरकले. लगेच.

त्याने फोटो मोबाइलवर घेतला आणि थेट मामांना पाठवला. अक्का हात धुऊन येईपर्यंत मामांनी तोच फोटो त्यांना परत पाठवला होता, सोबत व्हॉइस मेसेजही. अक्कांनी तो अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा लावला.

"जोडा झकास शे. सुपारी फोडा. पन मधला बाबा कोन शे?"

अक्कांनी फोटो बघितला. मला बघितलं. चप्पल बघितली.

"हाई तर फोटोवाली शे."

"म्हणून तर फोकस बसला," हितेंद्र म्हणाला.

फोटोत एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला मी, आणि बरोबर मध्ये, आमच्या मागे, ताठ, चुडामण नाना.

मागून सरिता म्हणाली, "ताई, आता तरी जेवा." रागाला काही जागाच उरली नाही.

हितेंद्रने माझ्याकडे बघितलं... पहिल्यांदाच न हसता. "मामांचं झालं. तुझं काय?"

"पुन्हा काढावा लागेल," मी म्हणाले. "नाना पंगतीला बसले की."