गाडी चालू आहे तोवर

"ताई, गाडी चालू होईना. साहेब म्हणतात, आजच खोली सोड." फोनवर दादाच्या ड्रायव्हरकाकांचा आवाज रडवेला होता.

तिने कपाळाला हात लावला. उभी हयात पोलिसांत गेली. निवृत्तीनंतर तरी माणसांची घाण उपसावी लागणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण दादाने शब्द दिला होता तो तिच्यासमोरच: ही जुनी गाडी चालू आहे तोवर गॅरेजवरची खोली काकांची.

गॅरेजमध्ये दादा खुर्चीत बसला होता. संधिवाताने बोटं वळत नव्हती, म्हणून चहाचा कप त्याने दोन्ही तळव्यांत धरला होता. शेजारी भाचा, नाकाला रुमाल लावून.

"वास कसला रे हा?"

"काकांचं लक्ष नसतं, आत्या. मला त्या खोलीत ऑफिस हवंय, हे मी लपवत नाही."

"काका, गाडी शेवटची कधी चालली?"

"परवा. एकदम झकास चालली."

"मग बॉनेट उघडून नाही पाहिलंत?"

"साहेब म्हणाले, आता हात लावू नकोस."

"आता लावा."

स्टार्टर फिरत होता. काकांनी प्लग काढले. ठिणगी पडत होती, पण प्लग पेट्रोलने ओलेचिंब.

"पेट्रोल पोचतंय, हवा पोचत नाही," ती म्हणाली. "एअर क्लीनर उघडा."

झाकणावरचा दोन पाकळ्यांचा विंग नट हाताने हलेना. काका चक्रावले. "हा मी चिमटीनेच आवळतो, ताई. पक्कड लावली की आटे जातात." नटाच्या दोन्ही पाकळ्यांवर पक्कडीचे दात उमटले होते.

झाकण निघालं आणि भपकारा आला. कार्बोरेटरच्या तोंडात फुगलेला मेला उंदीर कोंबला होता. भाचा बाहेर धावला आणि भडाभडा ओकला.

"उंदीर काय, कुठेही घुसतात," दादा पुटपुटला.

तिने पदर नाकाला लावून वाकून पाहिलं. हवेच्या वाटेवरची जाळी शाबूत होती. उंदराची मान मोडून चपटी झाली होती.

"घरात सापळा कुठे लावलाय?" तिने दाराशी जाऊन भाच्याला विचारलं.

"बाबांच्या खोलीत," भाचा तोंड पुसत म्हणाला. "एकच आहे."

ती दादासमोर जाऊन उभी राहिली.

"उंदीर सापळ्यात मेला, मग कोणीतरी झाकण काढून तो आत कोंबला. काका स्वतःच्या पायावर धोंडा मारणार नाहीत. तुझ्या पोराला खोली हवी, पण त्याला उंदीर नुसता बघवला नाही. त्याची बोटंही धड आहेत, त्याला पक्कड कशाला? पक्कड लागते ती ज्याची बोटं वळत नाहीत त्याला. आणि बॉनेटला हात लावू नकोस म्हणालास तो तूच, दादा."

दादाची मान खाली गेली. "पोराचा हट्ट होता गं. इतक्या वर्षांच्या माणसाला तोंडावर जा कसं म्हणू? वाईट दिसलं असतं."

"आणि हे चांगलं दिसतंय? शी! तुला दादा म्हणायची किळस येते मला."

काकांनी उंदीर फडक्यात गुंडाळून बाहेर टाकला, हात धुतले, प्लग पुसून बसवले. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते सुरू झालं.

दादा सवयीने उठला आणि मागच्या दाराशी गेला. काकांनी आतून दार लॉक केलं आणि काच थोडी खाली घेतली.

"गाडी चालू आहे, साहेब. खोली माझीच. तुम्ही मात्र आजपासून बसने जा."